दादरचा माल्ट पाक: मॅशचे तापमान घरच्या घरी कसे सांभाळावे

कुरडयांचा चीक घाटताना एक क्षण येतो. गव्हाचे दुधाळ पाणी चुलीवर असते, चाटू फिरत असतो, बराच वेळ काहीच बदलत नाही. मग एकाएकी चाटू जड लागतो, पांढरेपणा जातो आणि चीक काचेसारखा दिसू लागतो. त्या क्षणी स्टार्चचे घट्ट मिटलेले कण पाणी पिऊन फुगतात आणि उघडतात. गव्हाच्या स्टार्चला हे साधारण ५८ ते ६४ अंश सेल्सिअसला जमते. ज्वारीच्या स्टार्चला ६८ ते ७८ अंश लागतात. दादरपासून, म्हणजे खानदेशातल्या रब्बी ज्वारीपासून, माल्टचा पाक करायचा तर सगळी अडचण या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे, आणि उपायही तिथेच सापडतो.

मोड आणून वाळवलेले धान्य म्हणजे माल्ट. ते भरडून ठराविक गरम पाण्यात तास-दीड तास धरून ठेवले की धान्यातलेच एन्झाइम स्टार्च कापून त्याची साखर करतात. या गरम मिश्रणाला मॅश म्हणतात. बिअर बनवणाऱ्यांचे पहिले काम हेच, आणि माल्टचे पौष्टिक पेय बनवणाऱ्या कारखान्यांचेही हेच. आपण साखर तयार झाली की थांबणार आहोत, पुढे यीस्ट घालणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ मधला आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा त्याखाली गुन्हा आहे. गाळलेला रस आटवला की मधासारखा दाट, तांबूस पाक मिळतो. ना गूळ, ना साखर, गोडी सगळी दाण्यातली. दादरची भाकरी आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आपल्याकडे खानदेशात पिढ्यानपिढ्या होत आले आहेत. त्याच धान्यातून असा पाक निघतो हे अधिक घरांत पोचावे म्हणून इतके तपशीलवार लिहितो आहे.

आधी एन्झाइम समजून घ्या

स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. ती कापणारे दोन एन्झाइम माल्टमध्ये असतात. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून दोन-दोन कण तोडते, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. ते ६० ते ६५ अंशांना जोमात असते आणि ७० च्या पुढे काही मिनिटांत निकामी होते. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच, दिसेल तिथे तोडते. त्याला ६५ ते ७२ अंश मानवतात आणि ८० च्या आसपास तेही संपते. फ्रान्समध्ये अँसेल्म पायेन आणि ज्याँ-फ्रान्स्वा पर्सो यांनी १८३३ साली माल्टमधून स्टार्च विरघळवणारा पदार्थ वेगळा काढून त्याला ‘डायास्टेज’ नाव दिले, तो हाच. पुढे कळले की तो एकटा नसून अनेक एन्झाइमांचा मेळ आहे.

यातून व्यवहाराचे दोन निष्कर्ष निघतात. मॅश ६२ ते ६५ अंशांना धरला तर माल्टोज जास्त, म्हणून पाक जास्त गोड. ६८ ते ७० ला धरला तर साखळीचे मध्यम तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, जास्त उरतात. पाक दाट, चिकट होतो आणि गोडी सौम्य राहते. बिअर बनवणारे याच फरकावर पेय हलके ठेवायचे की भरीव, हे ठरवतात. आपल्या पाकासाठी मी ६४ ते ६६ हा पट्टा धरतो.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. एन्झाइम थंड झाले तर फक्त मंदावतात, पुन्हा गरम केले की कामाला लागतात. जास्त तापले तर मरतात, मग कितीही गार करा, परत येत नाहीत. म्हणून ठरलेल्या तापमानाकडे नेहमी खालून वर जायचे. ६६ गाठायचे असेल आणि ६३ वर अडकलात तर काही बिघडलेले नाही, अर्धा तास जास्त लागेल इतकेच. ७६ वर जाऊन परत आलात तर बीटा-अमायलेज गेलेले असते.

मोडाची ज्वारी का नको

हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माल्ट करायचा तर ज्वारीलाच मोड आणावेत, असे पटकन सुचते. तसे करू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आफ्रिकेत ज्वारीचा माल्ट करतात, पण तिथे वाळवल्यावर कोंब आणि मुळे काढून टाकण्याची रीत आहे. घरी ते पूर्ण निघाले की नाही, याची खात्री देता येत नाही.

म्हणून आपण काम वाटून देतो. स्टार्च दादरचा आणि एन्झाइम गव्हाच्या माल्टचे. गव्हाच्या माल्टची ताकद इतकी असते की तो स्वतःचा स्टार्च कापून दुसऱ्या धान्याचाही कापतो. ज्वारी पांढरी दादरच घ्यावी. लाल, तुरट ज्वारीत टॅनिन असते आणि ते एन्झाइमांना चिकटून त्यांचे काम अडवते.

गव्हाचा माल्ट

बियाण्याच्या पिशवीतला गहू कधीही घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. कोठीत गोळ्या ठेवलेला गहूही नको. घरचा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडचा, त्या वर्षीचा, न भरडलेला गहू हवा. एरंडेल लावलेला असेल तर कोमट पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवा.

गहू ८ ते १० तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. मग निथळून ओल्या सुती कापडात सैल बांधा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडून हलवा. मुळांची जाळी होऊ देऊ नका. कोंब दाण्याच्या लांबीएवढा झाला की थांबा. हिवाळ्यात याला चार-पाच दिवस लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असतो, मोडाचा ढीग आतून तापतो आणि आंबूस वास धरतो. त्या दिवसांत हे काम टाळावे. काळी-हिरवी बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळे टाकून द्या.

वाळवताना पुन्हा तापमानच. ओल्या दाण्यातले एन्झाइम उष्णतेला फार हळवे असतात, वाळल्या दाण्यातले बरेच टणक. म्हणून पहिला दिवसभर सावलीत, पंख्याखाली, पातळ पसरून वाळवा. दाणा हाताला कोरडा लागला की मगच उन्हात, तेही वर सुती कापड टाकून. दाणा दाताखाली कुडकुडीत फुटला की झाला. हातावर चोळून मुळे पाखडून काढा, नाहीतर पाकाला कडवटपणा येतो. हा माल्ट हवाबंद डब्यात काही महिने टिकतो. लागेल तेव्हाच मिक्सरमध्ये रव्याएवढा जाडसर फिरवायचा. मऊ पीठ केले तर नंतर गाळताना कापड बुजते.

थर्मामीटर

तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर अन्नात नकोच. लांब दांडीचा, टोकाला सुई असलेला स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. पिस्तुलासारखा, दुरून लाल ठिपका टाकणारा थर्मामीटर फक्त वरच्या थराचे तापमान सांगतो. वाफ आणि फेस असताना तर त्याचा भरवसाच नाही.

घेतल्यावर तो तपासा. ग्लासभर बर्फाचा चुरा घेऊन त्यात बुडेल एवढेच पाणी घाला, ढवळून दोन मिनिटांनी सुई मधोमध धरा. ० दिसला पाहिजे. मग खळखळ उकळत्या पाण्यात धरा. इथे १०० ची वाट पाहू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास १ अंशाने उतरतो. जळगाव, धुळे, नंदुरबार ही गावे दोन-अडीचशे मीटर उंचीवर आहेत, म्हणजे तिथे ९९ च्या किंचित वर आकडा यायला हवा. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तिथे पाणी ९६-९७ लाच उकळते. बर्फात आणि उकळत्या पाण्यात सारखाच फरक दाखवत असेल तर तो आकडा डब्याला चिकटवा आणि प्रत्येक वेळी वजा करा. दोन्हीकडे वेगळा फरक असेल तर दुसरा थर्मामीटर आणा.

मॅश मोजताना एका जागी सुई टोचून समाधान मानू नका. नीट ढवळा, मग मधोमध, कडेला आणि बुडाशी मोजा. तिन्ही आकड्यांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ढवळणे अपुरे आहे.

पहिला सराव: नुसत्या गव्हाचा मॅश

दादरकडे जाण्याआधी हा एकदा करून पाहावा, कारण इथे आकडेमोड सोपी आहे. एक किलो भरडलेल्या माल्टला ३ लिटर पाणी. प्रश्न इतकाच की पाणी किती गरम घ्यायचे, म्हणजे गार माल्ट त्यात पडल्यावर मिश्रण बरोबर ६६ ला येईल.

धान्याला तापायला पाण्याच्या मानाने ०.४१ पट उष्णता लागते. म्हणून हिशेब असा: ०.४१ ला दर किलोमागच्या पाण्याच्या लिटरने भागा. आलेल्या संख्येला, हवे असलेले तापमान वजा धान्याचे तापमान, याने गुणा. गुणाकारात हवे असलेले तापमान मिळवा. ३ लिटरला ०.४१ भागिले ३ म्हणजे ०.१३७. माल्ट २८ अंशांवर असेल तर फरक ३८, गुणाकार ५.२, म्हणून पाणी ७१ अंशांचे.

आता आपल्या हवामानाचा परिणाम पाहा. मे महिन्यात डब्यातला माल्टच ४० अंशांवर असतो. तेव्हा पाणी साडेएकोणसत्तरचे पुरते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पहाटे पारा कधी ६-८ वर उतरतो आणि घरातला माल्ट १४ वर असला तर ७३ अंशांचे पाणी लागते. एकाच कृतीत दोन ऋतूंमध्ये साडेतीन अंशांचा फरक पडतो. म्हणून ‘पाणी ७१ ला घ्या’ असे पाठ करून चालत नाही. माल्टमध्ये थर्मामीटर खुपसून त्याचे तापमान दर वेळी पाहायचे.

भांडेही उष्णता पिते. मॅश ज्या भांड्यात धरायचा त्यात आधी उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवा, ओतून टाका आणि मग सुरुवात करा. नाहीतर हिशेब एक-दोन अंशांनी कमी पडतो. पाण्यात माल्ट थोडा-थोडा पेरत ढवळायचा. गुठळी राहिली तर तिच्या आतला माल्ट कोरडाच राहतो आणि त्यातल्या एन्झाइमांचा उपयोग होत नाही.

दादरचा मॅश

साहित्य: दादर ५०० ग्रॅम, जाडसर दळलेली, गव्हाचा माल्ट ३०० ग्रॅम, त्यातला ५० ग्रॅम वेगळा काढलेला, पाणी साडेतीन लिटर, त्यातले एक लिटर वेगळे.

पाण्याबद्दल थोडे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि त्यामुळे मॅश अल्कधर्मी होतो. एन्झाइमांना किंचित आंबटपणा लागतो, पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान. सगळ्या पाण्याला मिळून अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. निव्वळ आरओचे पाणीही आदर्श नाही, कारण अल्फा-अमायलेजला टिकून राहायला कॅल्शियम लागते. निम्मे-निम्मे घेतले की दोन्ही प्रश्न मिटतात.

ज्वारीचा स्टार्च उघडतो ६८ च्या पुढे आणि बीटा-अमायलेज संपते ७० ला. दोघांना एकाच तापमानावर बसवता येत नाही. म्हणून ज्वारी आधी वेगळी, पूर्ण शिजवून घ्यायची आणि मग तिला एन्झाइमांच्या पट्ट्यात खाली आणायचे.

जाड बुडाच्या पातेल्यात अडीच लिटर गार पाण्यात दादरचे पीठ आणि ५० ग्रॅम माल्ट नीट कालवा. मंद आचेवर ढवळत ६८ ते ७० पर्यंत न्या आणि १५ मिनिटे तिथे ठेवा. या थोड्या माल्टचे काम गोडी आणणे नाही. बिबड्यांचा घाटा ज्यांनी घाटला आहे त्यांना माहीत आहे की ज्वारीचे पीठ शिजले की चाटू उभा राहील इतके घट्ट होते आणि बुडाला लागते. हा माल्ट स्टार्च उघडता उघडताच त्याला पातळ करतो. पंधरा मिनिटांत पेज सैल झालेली हाताला कळते. मग उकळी आणा आणि झाकण ठेवून २० मिनिटे, मधूनमधून बुडापासून ढवळत, शिजू द्या. आटलेले पाणी उकळत्या पाण्याने भरून काढा.

दरम्यान, ज्यात मॅश धरायचा त्या भांड्यात उरलेला २५० ग्रॅम माल्ट एक लिटर साध्या पाण्यात कालवून ठेवा. पंधरा-वीस मिनिटे भिजला की एन्झाइम पाण्यात उतरतात.

आता या कृतीतली खरी पायरी. पेज आणि माल्टचे पाणी एकत्र आल्यावर ६६ अंश यायला हवेत. वरचाच हिशेब लावला तर पेज म्हणजे २.७ लिटर पाण्याएवढे वजनदार आणि माल्टचे पाणी १.१ लिटरएवढे. माल्टचे पाणी २८ अंशांवर असेल तर पेज ८१ ला यायला हवी. जानेवारीत ते १६ वर असेल तर ८६, मे महिन्यात ३६ वर असेल तर ७८. स्टीलचे भांडेही थोडी उष्णता खाते, त्यासाठी एक-दोन अंश वर धरा. म्हणजे साधारण दिवसांत पेज ८२-८३ ला उतरेपर्यंत झाकण काढून ढवळत थांबायचे.

मिसळताना गरम पेज माल्टच्या पाण्यात ओतायची. माल्टचे पाणी पेजेत ओतायचे नाही. उलट केले तर माल्टचा पहिला पेला ८० अंशांत पडतो आणि त्यातले एन्झाइम तिथेच जातात. पेज पळीपळीने घाला, दर वेळी ढवळा आणि थर्मामीटर आतच ठेवा. आकडा २८ वरून ४०, ५०, ५८ असा चढताना दिसेल. ६० ओलांडल्यावर हात आणखी सावकाश. ६६ आला की थांबा, पातेल्यात पेज उरली असली तरी थांबा. उरलेली पेज ६६ पर्यंत गार होऊ द्या आणि मग घाला. याउलट सगळी पेज संपूनही आकडा ६२-६३ वरच राहिला, तरी पुढे दिलेल्या उपायांनी तो वर नेता येतो.

तासभर धरून ठेवणे

झाकण ठेवलेले पण उघड्यावर असलेले चार लिटरचे पातेले हिवाळ्यात तासाभरात सहज आठ-दहा अंश उतरते. घरी तीन मार्ग आहेत.

मला सगळ्यात आवडतो तो कापसाचा खोका, आणि कापूस तर आपल्याकडे घरोघरी. पातेल्यापेक्षा चहूबाजूंनी वितभर मोठा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला चार-पाच बोटे पिंजलेला कापूस दाबा, मधोमध पातेले ठेवून कडा गच्च भरा आणि वरून कापसाची जाड उशी द्या. कापसात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तासाभरात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरत नाही. वीज लागत नाही, म्हणून भारनियमनाची चिंताही नाही. शेगडी पूर्ण बंद केल्यावर आणि पातेल्याचे बूड पुसून कोरडे केल्यावरच ते खोक्यात ठेवायचे. कापूस आगीला फार लवकर धरतो. जुन्या गोधड्यांचे चार-पाच वेढेही चालतात.

दुसरा मार्ग पाण्याच्या वेढ्याचा. मोठ्या पातेल्यात ६८-६९ अंशांचे पाणी आणि त्यात मॅशचे पातेले. बाहेरच्या पाण्याला मधूनमधून आच द्यायची. आच मॅशला थेट लागत नाही, म्हणून बुडाशी एन्झाइम जळण्याची भीती राहत नाही. मात्र समोर बसून राहावे लागते.

तिसरा विजेचा. इंडक्शनवर ६५ किंवा ७० चे बटण असले तरी ते काचेखालचे तापमान मोजते, आतल्या मॅशचे नाही. त्यावर विसंबू नका. राइस कुकरचे ‘वॉर्म’ मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. कुकरमध्ये ६६ अंशांचे पाणी भरून ‘वॉर्म’वर तासभर ठेवा आणि मोजा. ६२ ते ६७ च्या आत राहिले तर तुमच्याकडे आयते यंत्र आहे. ७२ वर गेले तर या कामासाठी तो बाद.

मधे पाहायचेच असेल तर अर्ध्या तासाने एकदा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडणे हेच उष्णता जाण्याचे मोठे कारण असते.

आकडा चुकला तर

जास्त झाला असेल तर विचार करत बसू नका, इथे मिनिटे मोलाची आहेत. साध्या पाण्याची बाटली हाताशी भरून ठेवा. आपल्या मापाच्या मॅशला ७२ वरून ६६ ला आणायला २८ अंशांचे सुमारे ६०० मिली पाणी लागते. ओता, ढवळा, मोजा. पाणी वाढले तर पाक आटायला वेळ लागेल, एवढेच नुकसान.

कमी झाला असेल तर घाई नाही. उकळते पाणी हा सोपा उपाय: ६२ वरून ६६ ला जायला साधारण साडेचारशे मिली, बारीक धारेने, ढवळत. थेट आच द्यायची तर अगदी मंद, अर्धा मिनिट, सतत ढवळत. मग आच बंद करून दोन मिनिटे थांबून मोजा. जाड बुडात साठलेली उष्णता आच बंद केल्यावरही वर येत राहते. लगेच मोजून पुन्हा आच दिली की आकडा पुढे निघून जातो.

पाणी न वाढवता तापमान चढवायची जुनी रीतही आहे. मध्य युरोपातले बिअर बनवणारे मॅशचा काही भाग वेगळा काढून उकळत आणि परत मिसळत. आपल्याकडे ६२ चे ६६ करायला मॅशचा आठवा भाग, म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास, काढून उकळायचा आणि सावकाश परत ढवळायचा. काढताना तळाचा दाट भाग घ्या. एन्झाइम बहुतेक वरच्या पाण्यात असतात, ते मागे सुरक्षित राहतात.

एक मर्यादा मात्र पाळा. मॅश ५० अंशांखाली तासन्‌तास राहू देऊ नका. तिथे आंबवणारे जिवाणू वाढतात. ‘रात्री लावून सकाळी बघू’ हे या कामात चालत नाही.

झाले की नाही, आयोडीन सांगते

जिभेला गोडी वीस मिनिटांतच लागते, पण काम पूर्ण झालेले नसते. औषधाच्या दुकानातले जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन थोड्या पाण्यात पातळ करा. एका तासानंतर मॅशच्या वरचे निवळ पाणी चमचाभर पांढऱ्या बशीत घ्या, गार होऊ द्या आणि आयोडीनचा थेंब टाका. काळा-निळा रंग म्हणजे स्टार्च उरला आहे. लालसर-तपकिरी म्हणजे मध्यम तुकडे आहेत, आणखी वीस मिनिटे द्या. थेंबाचा पिवळसर रंग तसाच राहिला तर झाले. पिठाचा कण आला तर तो काळा पडणारच, म्हणून निवळ पाणीच घ्या. हा नमुना फेकून द्यायचा, मॅशमध्ये परत टाकायचा नाही. दीड तासानंतरही निळा रंग जात नसेल तर बहुधा माल्ट कमजोर आहे किंवा तापमान वर गेले होते. चमचाभर नवा माल्ट पाण्यात कालवून ६५ अंशांना घाला आणि अर्धा तास थांबा.

गाळणे आणि आटवणे

आता मात्र तापमान मुद्दाम वाढवायचे. मंद आचेवर ७६-७८ पर्यंत नेऊन दहा मिनिटे ठेवा. एन्झाइमांचे काम संपलेले असते आणि रस पातळ होऊन गाळायला सोपा जातो. बिअरवाले जव वापरतात, त्याच्या टरफलांचीच चाळणी तयार होते. गहू आणि ज्वारीला टरफल नसते, त्यामुळे आपल्याला पंचाच लागतो. दुहेरी सुती पंच्यात बांधून टांगा, निथळू द्या. मग चोथ्यावर अर्धा लिटर ७५ अंशांचे पाणी घालून पुन्हा निथळा. जोर लावून पिळले तर रस गढूळ होतो.

रस लगेच उकळायला ठेवा, तसाच ठेवून देऊ नका. रुंद कढईत, आधी मोठ्या आचेवर, वरचा फेस काढत आटवा. चौथा हिस्सा उरला की आच मंद करा, कारण पाक दाट होताच उतू येतो आणि बुडाला लागतो. गार बशीत टाकलेला थेंब मधासारखा सावकाश ओघळला की उतरवा. या मापात अर्ध्या किलोच्या आगेमागे पाक येतो. कोरड्या, उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

गरम दुधात दोन चमचे घाला, भाकरीला लावा, लाडवात गुळाऐवजी वापरा. मधुमेह असणाऱ्यांनी याला ‘धान्याचे आहे’ म्हणून निरुपद्रवी समजू नये. माल्टोज रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. गव्हाचा माल्ट असल्याने ग्लुटेन न चालणाऱ्यांनाही हा पाक वर्ज्य आहे, मग त्यात दादर कितीही असो. उरलेला चोथा त्याच दिवशी गुरांना घाला किंवा पिठात मळून थालीपिठे करा. उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो.